तांदळात हात

1 मे 2025, गुरुवार

आज कामगार दिनाची सुट्टी, म्हणून गाळ्यात सकाळपासून गर्दी. एरवी नाइटवाले सकाळी डोळे चोळत येतात, फर्स्ट शिफ्टवाले चारनंतर. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरही आज कमी, त्यामुळे खालुंब्रे, निघोजे, खराबवाडीची माणसं वेळेत पोचली. शहरातल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठी आणि गुडघे येतात. महाळुंग्यात माझ्याकडे हात येतात. डायखाली सापडलेले, शीटच्या धारेने कापलेले, पट्ट्याने ओढलेले.

दुपारी परभणीकडचा एक मुलगा आला. वय चोवीस. एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर होता. उजव्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यापासून गेली, मधल्या बोटाचं टोकाचं पेर गेलं. टाके कधीच निघालेत, जखम छान भरली आहे. तरी हात रुमालात गुंडाळलेला. रुमाल सोडल्यावर दिसलं की ज्या दोन बोटांना काहीच झालं नव्हतं तीसुद्धा वाकत नाहीत.

हे नेहमीचं आहे. दुखेल म्हणून माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने सांधा आखडतो, आखडलेला सांधा हलवला की खरंच दुखतं आणि भीतीला पुरावा मिळतो. हा फेरा एकदा सुरू झाला की उत्तम शिवलेला हातही वाया जातो. मार बोटाला बसतो, आखडतो मात्र सगळा माणूस.

परातीत कोरडे तांदूळ घेतले आणि त्याला हात आत घालायला सांगितलं. नव्या कातडीला स्पर्शाची सवय लावायची ही साधी रीत: आधी कापूस, मग तांदूळ, मग राजमा. बोटाचं टोक दाण्यांना लागलं आणि त्याने हात मागे घेतला.

"टोचतंय का रे?"

"टोचत नाही मॅडम. भेव वाटायलंय."

तेवढ्यात शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने शटर खाली ओढलं. त्या आवाजाने मुलगा खुर्चीतून उठलाच. कपाळावर घाम. प्रेसचा स्ट्रोक त्याच्या कानात अजून चालूच आहे.

4 मे, रविवार

मे महिन्याचा पहिला रविवार, जागतिक हास्यदिन. निगडीच्या एका बागेत हास्यक्लबाचा कार्यक्रम होता, मैत्रिणीने आग्रहाने नेलं. तिथल्या एका आजोबांनी सुरुवातीला या चळवळीची गोष्ट सांगितली. डॉ. मदन कटारिया यांनी 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पहिला हास्यक्लब भरवला तेव्हा जमली होती अवघी पाच माणसं. त्यांच्या पत्नी माधुरी योगशिक्षिका. त्यांच्या श्वसनाच्या प्रकारांची जोड मिळाली आणि हास्ययोग तयार झाला. पुण्यात विठ्ठल आणि सुमन काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने तो बागाबागांत नेला.

मी कडेला उभी राहून शरीरांकडे बघत होते, ही माझ्या कामाची सवय. पहिलं मिनिट सगळ्यांचं हसू ओढूनताणून होतं. टाळ्या, लांब श्वास, हात वर, "हो हो, हा हा हा". मग दोन बायकांची नजरानजर झाली आणि एकीला खरंखुरं हसू फुटलं. ते शेजारणीला लागलं, तिच्याकडून पुढच्या रांगेला. थोड्या वेळाने कुणालाच कारण लागत नव्हतं. खांदे सैल पडले, आवळलेले जबडे सुटले, श्वास पोटापर्यंत गेला. पोटभर हसताना स्नायूंचा ताण उतरतो. हसता हसता हातातला चहा सांडतो तो त्यामुळेच. खळखळून हसणाऱ्या माणसाला मूठ घट्ट आवळून ठेवता येत नाही.

घरी येताना डोक्यात एकच विचार: माझ्या गाळ्यात तर सगळ्या आवळलेल्या मुठीच येतात.

13 मे, मंगळवार

मुलगा आज गप्प होता. खोदून विचारल्यावर कळलं की खोलीवरची पोरं त्याला "साडेतीन" म्हणून हाक मारतात. त्यांच्या मनात वाईट नाही म्हणे, गंमत करतात. पण काल जेवताना त्याने ताट उचललं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.

आजोबांनी सांगितलेली पुढची गोष्ट आठवली. कटारियांच्या बागेत सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि कुणाला तरी लागतील असे सुरू झाले. माणसं दुखावू लागली, क्लब मोडायची वेळ आली. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि नुसतं हसायचं ठरवलं. आज त्याचं मोल कळलं. दुसऱ्याच्या व्यंगावर पोसलेलं हसू भीती वाढवतं, कारण माणूस आणखी लपतो. आपलं आपल्याला सुचलेलं, सगळ्यांना आत घेणारं हसूच माणसाला मोकळं करतं. त्याच्या हाताची गंमत करायचीच असेल तर ती आधी त्याने करावी, हा मान त्याचा आहे.

त्याच्या खोलीतल्या दोघांना निरोप पाठवला: उद्या याच्याबरोबर या, मदत हवी आहे. त्यांनाही त्याचा हात नीट बघायचा असणार. धीर होत नाही म्हणून टोपणनाव.

20 मे, मंगळवार

मे महिन्यात असा पाऊस! चौकात पाणी, मोटारसायकली ढकलत माणसं चाललेली. तरी मुलगा आला, दोन्ही दोस्त बरोबर. आजचा दिवस मुद्दाम सविस्तर लिहून ठेवते.

गेलेल्या तर्जनीला रात्री खाज सुटते, अशी त्याची तक्रार होती. नसलेल्या अवयवाला वेदना होणं हा भ्रम नव्हे. मेंदूतला त्या बोटाचा नकाशा अजून शाबूत असतो. त्यावर डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा उपाय दाखवला. टेबलावर मधोमध उभा आरसा. जखमी हात आरशामागे, धड हात पुढे. आरशात बघितलं की धड हाताचं प्रतिबिंब बरोबर जखमी हाताच्या जागी दिसतं. मेंदूला दोन्ही हात पूर्ण दिसतात.

मी त्याला डाव्या हाताची बोटं हळूहळू मिटायला आणि उघडायला सांगितली; मागे उजव्यानेही तेच करायचं. तो वाकून बघत राहिला. डावी तर्जनी उचलली. आरशात उजवी तर्जनी उठली, नखासकट, पेरांवरच्या वळ्यांसकट. त्याने ती डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, मग वाकवून आपल्याकडेच रोखली.

"आलं की बे परत!" एक दोस्त ओरडला.

मुलाच्या तोंडून आधी बारीकसा आवाज आला. मला वाटलं रडतोय. पण तो हसत होता. आधी नाकातून, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोस्त हसले, बाकावरच्या कंबरदुखीवाल्या आजी हसल्या, मीही हसले. मी आरशामागे डोकावले तर त्याची करंगळी आणि अनामिका तळव्याकडे वळत होती. महिनोन्महिने न वाकलेली बोटं. त्याचं लक्षही नव्हतं.

आरसा बाजूला केल्यावर त्याने खरा हात टेबलावर ठेवला, रुमालाशिवाय, सगळ्यांसमोर. म्हणाला, "मॅडम, एक बरं झालं. आता चूक कुणाची बी असो, मला कुणाकडं बोटच दाखवता येत नाही."

क्षणभर कुणाला हसावं की नाही कळेना. मग तोच हसला. त्या खोलीत "साडेतीन" हे नाव आज संपलं, असं मला मनापासून वाटतं.

रात्री रॉबिन डनबर यांचा अभ्यास पुन्हा काढून वाचला. ऑक्सफर्डच्या या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर लोकांना विनोदी चित्रफिती दाखवल्या आणि त्याआधी व नंतर त्यांना किती वेदना सोसते हे मोजलं. दंडाला बर्फगार पट्टी बांधून, रक्तदाबाचा पट्टा आवळून. खळखळून हसलेल्यांची सहनशक्ती वाढली होती. नुसत्या बऱ्या वाटणाऱ्या चित्रफितींनी ती वाढली नाही. लांब उच्छ्वासाच्या त्या कष्टातून मेंदूत एंडॉर्फिन सुटत असावीत, असं त्यांचं म्हणणं. रॉबर्ट प्रोव्हाइन या दुसऱ्या संशोधकाच्या निरीक्षणात माणूस एकट्यापेक्षा चारचौघांत सुमारे तीसपट जास्त हसतो. म्हणजे औषध हसण्यात आहे, आणि ते औषध मिळतं माणसांत. एकेकाला पडद्याआड घेऊन व्यायाम देण्याची माझी पद्धत बदलायला हवी. हातवाले सगळे एका वेळी, एका टेबलाभोवती.

26 मे, सोमवार

मान्सून पुण्यात पोचल्याचं जाहीर झालं. इतक्या लवकर! रस्ता तुंबलेला, दुपारी कुणी आलं नाही.

नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकाबद्दल वाचत बसले. 1964 मध्ये त्याला मणक्याच्या सांध्यांचा गंभीर आजार झाला, हलताही येईना. त्याने विनोदी चित्रपट बघायला सुरुवात केली आणि दहा मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असं नोंदवलं. त्याचं पुस्तक 1979 मध्ये आलं. एका माणसाच्या अनुभवावरून हसण्याने आजार बरा होतो असं मी कुणालाही सांगणार नाही. पण वेदनेतून काढलेली दोन तासांची झोपही काही थोडी नसते. तेवढ्या झोपेवर माणूस दुसऱ्या दिवसाला सामोरा जातो.

2 जून, सोमवार

संध्याकाळच्या टेबलाचा पहिला दिवस. परभणीचा मुलगा, पट्ट्यात हात गेलेला परांड्याचा गृहस्थ, वायरिंगच्या कामाने मनगटं धरलेल्या हिंगोलीच्या ताई, असे सगळे. मध्ये मोठी परात, तांदूळ, त्यात लपवलेले राजम्याचे दाणे. न बघता चिमटीने शोधायचे.

आधी एक काम ठरवून केलं. प्रत्येकाने कशाची भीती वाटते ते एका वाक्यात सांगायचं आणि मी फळ्यावर लिहायचं. मुलगा म्हणाला, "पेडल." त्याच्या वर्कशॉपमधला प्रेस पायाच्या पेडलवर चालत होता. हात डायमध्ये असताना पाय पडला की स्ट्रोक खाली.

मी त्याला स्पष्ट सांगितलं की ही भीती घालवायची नाही. ती खरं बोलते. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण असणं कायद्याने बंधनकारक आहे. दोन हातांची बटणं बसवली तर दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही; सेन्सरचा प्रकाशपडदा असेल तर हात आत गेला की प्रेस थांबतो. हे मागायचं. हसून यंत्र सुरक्षित होत नाही.

परांड्याच्या गृहस्थांची भीती पैशाची. ईएसआयमध्ये नोंद असलेल्या कामगाराला अपघातानंतर कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजच्या मजुरीच्या 90 टक्के भत्ता मिळतो आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवून निवृत्तिवेतन लावतं, हे त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात जाताना कुठले कागद न्यायचे, ते लिहून दिलं. त्यांचा चेहरा बघता बघता बदलला.

फळ्यावरची ज्याची त्याची भीती अशी दोन भागांत वाटली: जिच्यावर काहीतरी करता येतं ती, आणि करण्यासारखं सगळं केल्यावरही अंगात उरते ती. शटरच्या आवाजाने दचकणं, रात्रीची स्वप्नं, परातीतून मागे येणारा हात, ही उरलेली. हसायचं ते या दुसरीला.

मग टाळ्या वाजवून हसायला सुरुवात केली. आधी खोटं, मग खरं. हात परातीत.

10 जून, मंगळवार

वटपौर्णिमा. हिंगोलीच्या ताई हिरव्या साडीत, हातात दोऱ्याची गुंडी घेऊन थेट पूजेवरून आल्या. इतके दिवस त्या तोंडावर पदर धरून हसायच्या. आज विचारलं तर म्हणाल्या, "सासरी दात दिसले की म्हणायचे, कशाला खिदळतीस. तेव्हापासून सवयच मोडली." परातीत त्यांच्या हाताला एकदम तीन दाणे लागले आणि पदर सुटला. केवढं मोठं, मोकळं हसू आहे त्यांचं! बाहेरचा पानवाला डोकावून गेला. बायकांना भीतीची शिकवण किती लहानपणी आणि किती लहान गोष्टींतून मिळते! त्यांचं हसू ऐकून मला फार आनंद झाला.

16 जून, सोमवार

काल दुपारी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. रविवारच्या गर्दीतली माणसं पाण्यात पडली, चार जणांचा जीव गेला. इथून जवळचं ठिकाण. माझ्या पेशंटपैकी कितीतरी जण सुट्टीला तिथे जातात.

आज टेबलाभोवती कुणी हसलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. तांदळात हात घालून सगळे बसून राहिले. परांड्याचे गृहस्थ म्हणाले, "पूल धोक्याचा आहे हे माहीत होतं, तरी माणसं गेली. भ्यायला पाहिजे होतं." खरं आहे. भीती हीसुद्धा एक राखण आहे, ती पार पुसून टाकायची नसते. दुःखाच्या दिवशी दुःखच करावं. हसणाऱ्या माणसांनी एकमेकांजवळ गप्प बसणंही शिकायला हवं.

18 जून, बुधवार

दुपारी गाळा बंद ठेवून देहूला गेलो. तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान. येलवाडीपासूनच पायी माणसं. इंद्रायणी भरून वाहत होती आणि घाटाकडे बघताना कालपरवाची आठवण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती. पण टाळ थांबले नव्हते.

देवळाबाहेर एका दिंडीत विंचवाचं भारूड चाललं होतं. एकनाथांनी काय नेमकं ओळखलं होतं! वेदना अंगावर घेऊन नाचायची, कळवळायची, बघणाऱ्याला हसवायचं आणि हसता हसता उतारा सांगायचा. सोंग घेतलेल्या काकांनी बोट धरून अशी काही उडी मारली की आमचा परभणीचा मुलगा पोट धरून हसला. विंचू बोटालाच चावलेला!

पुढे बायकांच्या फुगड्या. सत्तरीच्या एका आजींनी हिंगोलीच्या ताईंना ओढलं. ताईंनी मनगट दुखतं म्हणून सांगितलं, तर आजी म्हणाल्या, "मग कोपराला धर की." धरलं आणि फिरल्या. मग आजींनी मुलाकडे हात केला. त्याने डावा पुढे केला. "दोन्ही लागतात रे बाळा, फुगडीला." त्याने माझ्याकडे बघितलं आणि उजवा हात दिला. आजींनी बोटं मोजली नाहीत, बघितलीही नाहीत. मनगटाशी पक्की पकड घेतली आणि गिरकी घातली. गर्दीतून टाळ्या. तो हात तेवढ्या जोरात कुणीतरी धरला, हे माझ्या कुठल्याच व्यायामात बसलं नसतं.

वारी शेकडो वर्षं हे करत आली आहे. पाय सुजतात, पाऊस झोडपतो, घरची काळजी असतेच; तरी वाटेवर फुगडी असते. ज्याला पुढचा मुक्काम गाठायचा आहे त्यानेच केलेली ही सोय आहे. आशा ही मला तिथे पायांत दिसली, रोज थोडं चालणाऱ्या पायांत.

29 जून, रविवार

मुलगा उद्यापासून कामावर रुजू होतोय, त्याच वर्कशॉपमध्ये. त्याने स्वतः मालकाशी बोलून पेडलचा प्रश्न काढला होता. दोस्त बरोबर उभे राहिले. पेडल निघालं, दोन हातांची बटणं लागली. परवा तो बघून आला. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी बटण दाबलं जातं का, हे त्याने तीनदा तपासलं. दाबलं जातं.

"स्ट्रोक पडला तेव्हा काय वाटलं?" मी विचारलं.

"दचकलो मॅडम. मग हसू आलं. बटण सोडलं की ते मधेच थांबतंय. आता ते मला भेतंय."

संध्याकाळी शेजारचं शटर पडलं. तो दचकला, इतकंच. हात तांदळातच राहिला आणि राजम्याचा दाणा वर घेऊन आला. भीती गेली असं मी लिहिणार नाही. आता ती त्याच्या हाताला अडवत नाही, आणि मला एवढंच हवं होतं.

पुढच्या रविवारी आषाढी. त्यानंतर टेबल आठवड्यातून दोन संध्याकाळी भरेल. वासुलीहून तीन नवी माणसं येणार आहेत, तिघेही प्रेसवरचे. परभणीचा मुलगा शिफ्ट संपवून येईन म्हणालाय. पहिल्या दिवशी त्यांना तोच शिकवणार आहे. आधी फळा, मग परात, मग हसणं, याच क्रमाने.